कोचला खेळाडू हवाय, की कॉलेजला फी? लहान कॉलेजात सॉकर खेळायला जाण्याआधी काय तपासायचं

प्रश्न थोडक्यात असा. न्यू जर्सीतल्या एका मराठी घरातला मुलगा हायस्कूलच्या अकरावीत आहे. क्लबकडून सेंटर मिडफिल्डला खेळतो, जीपीए ३.७, पुढे इंजिनियरिंग किंवा कॉम्प्युटर सायन्सचा विचार. डिव्हिजन वनचे, म्हणजे एनसीएए या कॉलेज क्रीडा संघटनेच्या सर्वांत वरच्या गटाचे, कोच उत्तर देत नाहीत. दीड-दोन हजार विद्यार्थ्यांच्या चार-पाच लहान कॉलेजांचे कोच मात्र स्वतःहून फोन करतायत, ‘तू आम्हाला हवा आहेस’ म्हणतायत. त्यातलं एखादं घ्यावं, की रटगर्स या राज्याच्या मोठ्या सरकारी विद्यापीठात जाऊन हौसेपुरतं क्लब सॉकर खेळावं? आणि घ्यायचं तर कशावरून ठरवायचं?

लहान कॉलेज ही बऱ्याच मुलांसाठी उत्तम निवड ठरते. फक्त एक गोष्ट आधी लक्षात घ्या. लहान कॉलेजचा कोच दोन अगदी वेगळ्या कारणांनी मुलाच्या मागे लागतो. काही कॉलेजांकडे अर्जांचा ढीग असतो, प्रवेश मोजके असतात आणि कोचला दरवर्षी ठरावीक मुलांसाठीच शब्द टाकता येतो. तिथे कोच मागे लागला तर त्याला खेळाडू हवा असतो. दुसऱ्या प्रकारच्या कॉलेजांना वर्ग भरायलाच विद्यार्थी मिळत नाहीत. तिथे कोचला वरून आकडा दिलेला असतो, यंदा इतकी नवी मुलं आण म्हणून. चाळीस-पन्नास जणांचा संघ ही तिथे प्रवेशसंख्या वाढवण्याची युक्ती असते. तुमच्या चार-पाच कॉलेजांत दोन्ही जातीची असणार. ईमेलमधली भाषा दोन्हीकडे सारखीच गोड असते, म्हणून भाषा सोडून आकड्यांकडे वळू.

त्याआधी डिव्हिजन वनबद्दल. दहावी संपल्यावर १५ जूनपासून ते कोच मुलाशी थेट बोलू शकतात. अकरावी अर्धी झाली तरी कुणी बोललं नसेल तर ते दार बहुतेक बंद आहे असं धरून चाला. त्यावरून मुलाच्या खेळाचं मोल करू नका. डिव्हिजन वनमध्ये मुलींचे संघ साडेतीनशेच्या आसपास, मुलांचे मात्र दोनशेच्याच आसपास. त्यातही परदेशी खेळाडू आणि ट्रान्स्फर पोर्टलमधून (कॉलेज बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंच्या यादीतून) आलेली वीस-एकवीस वर्षांची तयार मुलं बऱ्याच जागा घेतात. २०२५ च्या हाउस खटल्यातल्या तडजोडीनं कॉलेजांना खेळाडूंना थेट पैसे देण्याची मुभा मिळाली, आणि ती व्यवस्था स्वीकारणाऱ्या कॉलेजांना मेन्स सॉकरसाठी २८ खेळाडूंची मर्यादा आली. त्यामुळे एरवी तिथे बाकावर बसली असती अशी बरीच मुलं आता डिव्हिजन थ्रीकडे, म्हणजे बरीच लहान कॉलेजं ज्या गटात खेळतात तिकडे, बघतात. वरच्या डिव्हिजन थ्री संघांचा खेळ मुळीच हलका नसतो. पेनसिल्व्हेनियातल्या मेसायानं २००० ते २०१७ या काळात अकरा राष्ट्रीय विजेतेपदं घेतली, टफ्ट्सनं २०१४ ते २०१९ मध्ये चार. २०२२ ला शिकागो विद्यापीठ ज्युलियान सिच यांच्या हाताखाली जिंकलं. एनसीएएच्या मेन्स सॉकरमध्ये विजेत्या संघाची प्रशिक्षक महिला असण्याची ती पहिलीच वेळ. २०२३ ला मिनेसोटातलं सेंट ओलाफ जिंकलं.

आता आकडे. कॉलेजच्या ॲथलेटिक्सच्या साइटवर मेन्स सॉकरचं रोस्टर, म्हणजे संघातल्या खेळाडूंची यादी, उघडा. वर वर्ष निवडायची सोय असते. तीन वर्षांपूर्वीचं रोस्टर काढा आणि त्यातल्या फक्त फर्स्ट-इयरच्या मुलांची नावं कागदावर लिहा. मग यंदाचं रोस्टर उघडून त्यातली किती नावं सीनियर (चौथ्या वर्षाची) म्हणून टिकली ते बघा. समजा २०२२ ला १६ नवी मुलं आली होती आणि २०२५ ला त्यातली पाचच उरली. मग उरलेली अकरा कुठे गेली हा पहिला प्रश्न. काही जखमी होतात, काहींना अभ्यास झेपत नाही, काही कॉलेज बदलतात. हे सगळीकडे होतं. पण दोन-तीन वर्षांच्या तुकड्या अशाच तपासल्यावर निम्म्याहून जास्त मुलं गळत असतील, तर तो अपघात नव्हे, तिथली तीच पद्धत आहे. नऊ आले आणि सात टिकले अशी तुकडी दिसली तर कोच मोजून मुलं घेतो आणि सांभाळतो.

रोस्टरची एकूण संख्याही बघा. २६ ते ३२ हा निरोगी आकडा. ३५ च्या वर गेला तर वेगळा रिझर्व्ह किंवा ज्युनिअर व्हर्सिटी संघ आहे का, त्याला खरोखर किती सामने मिळतात आणि त्याचा वेगळा कोच आहे का, हे विचारा. ४५ मुलं, दोन कोच आणि रिझर्व्हचे वर्षाला तीन सामने असं उत्तर आलं तर समजायचं ते समजा. साइटवरचं रोस्टर अपुरं वाटलं तर अमेरिकेच्या शिक्षण खात्याचा ‘इक्विटी इन ॲथलेटिक्स’ नावाचा डेटा सगळ्यांना खुला आहे. त्यात प्रत्येक कॉलेजनं खेळवार किती खेळाडू कळवले आणि किती खर्च केला ते मिळतं.

यानंतर स्टॅट्सचं पान. जीपी आणि जीएस असे दोन रकाने असतात: किती सामन्यांत खेळला आणि किती सामन्यांत सुरुवातीपासून खेळला. फर्स्ट-इयरच्या मुलांसमोरचे आकडे बघा, मिडफिल्डरचे खास. कॉलेज सॉकरमध्ये बदली खेळाडूंचे नियम फिफापेक्षा सैल आहेत. पहिल्या हाफमध्ये बाहेर गेलेला खेळाडू त्या हाफमध्ये परत येत नाही, पण दुसऱ्या हाफमध्ये एकदा परत येऊ शकतो. त्यामुळे काही कोच दर सामन्याला अठरा-वीस जण फिरवतात, काही तेराच खेळवतात. तेरा जणांवर चालणाऱ्या संघात पहिली दोन वर्षं बाकावर जाणार हे गृहीत धरा. ते मान्य असेल तर हरकत नाही, पण माहीत असलेलं बरं.

कोच किती वर्षं तिथे आहे तेही पाहा. दोन वर्षांत कोच बदलला असेल तर आधीच्या कोचनं आणलेल्या मुलांचं नव्यानं काय केलं, ते त्याच रोस्टरमधून कळतं.

आता प्रवेशाची भानगड. इथेच सर्वांत जास्त घरं फसतात. निवडक कॉलेजांत कोच प्रवेश देत नाही, ॲडमिशन ऑफिस देतं. कोच आधी मुलाची कागदपत्रं तिकडे वाचायला पाठवतो, त्याला प्री-रीड म्हणतात. अकरावीचे सगळे मार्क आल्यावर, साधारण १ जुलैनंतर हे सुरू होतं. लागतात ते असे: अकरावीपर्यंतचं ट्रान्सक्रिप्ट, बारावीत घेतलेल्या विषयांची यादी, शाळेचं प्रोफाइल आणि दिली असेल तर एसएटी किंवा एसीटी. ही चारही पानं जूनमध्येच एका पीडीएफ फोल्डरमध्ये तयार ठेवा. जुलैत शाळेचं काउन्सेलिंग ऑफिस बंद असतं आणि एका ट्रान्सक्रिप्टपायी तीन आठवडे जातात. कॉम्प्युटर सायन्स किंवा इंजिनियरिंगला जायचं असेल तर बारावीत कॅल्क्युलस आणि फिजिक्स दिसलं पाहिजे. ते सोडून मुलानं सोपे विषय घेतले तर उत्तम खेळणाऱ्याचंही प्री-रीड घसरतं.

प्री-रीडचं उत्तर आलं की कोच म्हणतो, ‘चांगलं आहे, अर्ली डिसिजनला अर्ज कर.’ अर्ली डिसिजन म्हणजे बांधून घेणं. एकाच कॉलेजला, बहुतेक १ किंवा १५ नोव्हेंबरला अर्ज, डिसेंबरच्या मध्याला निकाल, आणि मिळालं की बाकीचे अर्ज मागे घ्यायचे. मुलाच्या हातातलं हे एकच पान आहे. ते टाकण्याआधी कोचला पुढचे प्रश्न मुलानं स्वतः फोनवर विचारायचे, वडिलांनी नव्हे. ॲडमिशन ऑफिसनं प्री-रीडमध्ये नेमकं काय म्हटलं? माझ्या अर्जाला तुमचा पूर्ण सपोर्ट आहे, की तुम्ही फक्त माझं नाव कळवणार आहात? गेल्या तीन वर्षांत प्री-रीड चांगलं येऊन, तुमचा पूर्ण सपोर्ट असून किती मुलांना नकार आला? यंदा माझ्या जागेवर तुम्ही आणखी किती मुलं बघताय, आणि पोर्टलमधून कुणी घेणार आहात का?

यातल्या तिसऱ्या प्रश्नाला पक्का कोच चटकन आकडा सांगतो: एकही नाही, किंवा एक, आणि तो का. ‘दरवर्षी वेगळं असतं, बघू’ हे उत्तर म्हणजे त्याच्याकडे वजन नाही, किंवा ते तो तुमच्यासाठी वापरणार नाही. ‘रोस्टरमध्ये तुझी जागा नक्की’ हे वाक्यही वेगळंच. प्रवेश मिळालाच तर संघात घेऊ, एवढाच त्याचा अर्थ. डिव्हिजन थ्रीत खेळाची बंधनकारक सही नसते. फोटो काढून जी सही करतात ती निव्वळ समारंभाची असते. कोचचा शब्द, ॲडमिशन ऑफिसचं मत आणि पैशाचा आकडा, या तिन्हीचा मेळ तुम्हीच घालायचा.

पैशाचं सविस्तर सांगायलाच हवं. डिव्हिजन थ्रीत खेळासाठी स्कॉलरशिप नसते. एक डॉलरही नाही. ‘आमच्या मुलाला सॉकरवर तीस हजार मिळाले’ असं पार्टीत कुणी सांगितलं आणि कॉलेज डिव्हिजन थ्रीचं असेल, तर ते पैसे मार्कांवरचे किंवा घरच्या उत्पन्नावरचे आहेत. डिव्हिजन टूमध्ये मेन्स सॉकरला ९ पूर्ण स्कॉलरशिप्सइतकी रक्कम असते आणि एनएआयए या वेगळ्या कॉलेज क्रीडा संघटनेत १२ इतकी. ती पंचवीस-तीस जणांत वाटली जाते, म्हणून तिथेही पूर्ण फी माफ झालेला मुलगा विरळाच. शिवाय खासगी कॉलेजं पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना छापील ट्यूशनमधून सरासरी निम्म्याहून जास्त सूट देतात. म्हणजे ‘मेरिट’ची (मार्कांवरच्या सवलतीची) मोठी रक्कम हातात पडली तरी ती खास तुमच्यासाठी काढलेली असेलच असं नाही.

मेरिटची रक्कम बहुधा चार वर्षं तीच राहते, फी मात्र वाढत जाते. समजा सगळा खर्च ८२,००० डॉलर, मेरिट ३०,००० आणि फी दरवर्षी ४ टक्के वाढते. पहिल्या वर्षी तुम्ही ५२,००० भरता. चौथ्या वर्षी खर्च ९२,००० च्या वर जातो आणि तुम्ही सुमारे ६२,२०० भरता. ५२ चोक २०८ असा हिशोब करून बसलेल्या घराला चार वर्षांत २०,००० चा जादा फटका बसतो. मेरिट टिकवायला किती जीपीए लागतो हे लेखी मागा. ३.० ची अट कागदावर सोपी दिसते, पण इंजिनियरिंगच्या पहिल्या सेमिस्टरला, तेही ऐन सीझनमध्ये, ती झोंबते.

निवडक कॉलेजांपैकी बरीच मेरिट देतच नाहीत, फक्त गरजेनुसार मदत देतात. तिथे अर्ली डिसिजनच्या आधी आर्थिक प्री-रीड करून मिळतं का ते विचारा. प्रत्येक कॉलेजच्या साइटवर नेट प्राइस कॅल्क्युलेटर असतो, मदत वजा जाता घरून किती भरावे लागतील याचा अंदाज देणारा. तो आधी भरा. नोकरदार घराला त्याचा अंदाज बरा येतो. स्वतःचा धंदा असेल किंवा भाड्यानं दिलेलं घर असेल तर तो हमखास चुकतो. आणि पुण्यात घेऊन ठेवलेला फ्लॅट सीएसएस प्रोफाइल या आर्थिक मदतीच्या अर्जात दाखवावा लागतो. तो विसरून काढलेला आकडा धरून अर्ली डिसिजनवर सही केली, तर डिसेंबरात घरात भांडण ठरलेलं.

कॉलेज चार वर्षं टिकेल का, हाही आता गंभीर प्रश्न झालाय. २०२३ ला आयोवा वेस्लियन, फिनलँडिया आणि मेडेल बंद झाली. २०२४ ला वेल्स, कॅब्रिनी आणि बर्मिंगहॅम-सदर्न. बर्मिंगहॅम-सदर्नचा बेसबॉल संघ डिव्हिजन थ्रीच्या वर्ल्ड सिरीजमध्ये खेळत असतानाच कॉलेजला कुलूप लागलं. संघ चांगला म्हणून कॉलेज ठणठणीत असा अर्थ काढू नका. शिक्षण खातं खासगी कॉलेजांना आर्थिक जबाबदारीचा गुण देतं, उणे १ ते ३ या पट्टीवर. १.५ च्या खाली असेल तर थांबून विचार करा. पाच वर्षांत विद्यार्थीसंख्या कशी हलली आणि पहिल्या वर्षातले किती टक्के दुसऱ्या वर्षाला परत आले, हे कॉलेजच्या कॉमन डेटा सेटमध्ये (कॉलेज दरवर्षी प्रसिद्ध करतं त्या आकडेवारीत), विभाग ब मध्ये सापडतं. विद्यार्थी घटतायत आणि त्याच काळात दोन-तीन नवे खेळ सुरू झालेत, अशी जोडी दिसली की पहिल्या परिच्छेदांत सांगितलेलं दुसऱ्या जातीचं कॉलेज ओळखावं.

तुमच्या मुलाच्या बाबतीत विषयाचा पेच मोठा आहे. बऱ्याच लहान कॉलेजांत कॉम्प्युटर सायन्स असतं पण इंजिनियरिंग नसतं. ‘तीन अधिक दोन’ म्हणजे तीन वर्षं इथे आणि दोन वर्षं दुसऱ्या विद्यापीठात, असा पर्याय ते सांगतात. त्यात सॉकरचं शेवटचं वर्ष जातं, आणि संघ व मित्र सोडून जायला प्रत्यक्षात फार थोडी मुलं तयार होतात. खेळही हवा आणि स्वतःचं इंजिनियरिंगही हवं, तर स्वार्थमोर, युनियन, हार्टफर्डचं ट्रिनिटी, हार्वी मड, रोझ-हुलमन, डब्ल्यूपीआय, आरपीआय आणि तुमच्या घराजवळचं होबोकनचं स्टीव्हन्स ही नावं यादीत असू द्या. कॉलेजात गेल्यावर रोस्टरमधले किती जण इंजिनियरिंग करतात ते मोजा. बहुतेक रोस्टरवर मेजर लिहिलेलं असतं. तीस जणांत एकही नसेल तर लॅब आणि सराव एकाच वेळी येत असणार. लॅब बहुधा दुपारी एकच्या पुढे सुरू होऊन चार-साडेचारपर्यंत चालते, आणि सराव चारला. काही कोच लॅबच्या दिवशी उशिरा येऊ देतात, काही तोंडानं हो म्हणतात आणि शनिवारी संघात नाव घेत नाहीत. हे कोचला विचारून कळत नाही, दुसऱ्या वर्षाच्या मुलाला विचारून कळतं.

सीझन ऑगस्टच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत, आठवड्याला दोन सामने, कधी तीन. प्रवासात फरक असतो. न्यू इंग्लंडच्या नेस्कॅक लीगमध्ये बसनं जातात, मेनमधल्या बोडिनहून न्यूयॉर्क राज्यातल्या हॅमिल्टनला जायला सहा तासांच्या आसपास लागतात. शिकागो, एमोरी, एनवायू, ब्रँडाइस यांच्या यूएए लीगमध्ये विमानानं जावं लागतं आणि शुक्रवारचे वर्ग बुडतात.

भेट द्याल तेव्हा आईवडिलांनी कॅम्पस टूर घ्यावी आणि मुलाला संघातल्या मुलांबरोबर एक रात्र राहू द्यावं. जेवणही त्यांच्याबरोबरच. शाकाहारी असेल तर डायनिंग हॉलमध्ये बुधवारी रात्री साडेसातला, म्हणजे सरावानंतर, काय उरतं ते त्यानं स्वतः बघावं. बाहेरगावच्या सामन्याला मिळणाऱ्या डब्यात काय असतं तेही विचारावं. ही बारीक गोष्ट वाटते, पण टर्की सँडविच बाजूला ठेवून चिप्सवर नव्वद मिनिटं खेळता येत नाही.

ईमेलबद्दल एवढंच. ‘आमच्या आयडी कॅम्पला (कोच मुलांना पारखतो त्या पैसे भरून जायच्या शिबिराला) ये’ हे पत्र शेकडो मुलांना जातं आणि कॅम्प हे कोचच्या कमाईचं साधन असतं. पत्रात तुमच्या मुलाच्या एखाद्या सामन्याचा, व्हिडिओतल्या एखाद्या प्रसंगाचा उल्लेख असेल तरच ते त्याच्यासाठी आहे. मुलानं पाठवायचं पत्रही तसंच हवं: विषयाच्या ओळीत पदवीचं वर्ष, जागा, क्लब आणि जीपीए, आत पुढच्या शोकेसचं (कोच बघायला येतात त्या स्पर्धेचं) मैदान व वेळ, तीन-चार मिनिटांचा व्हिडिओ आणि सोबत एका पूर्ण सामन्याची लिंक. सेंटर मिडफिल्डरच्या व्हिडिओत नुसते गोल घालू नका. चेंडू येण्याआधी तो मान वळवून बघतो का, दबावाखाली पहिला टच कुठे जातो आणि चेंडू गेल्यावर पाच सेकंदांत तो काय करतो, हे कोच शोधत असतो. ते पूर्ण सामन्यातच दिसतं.

भारतातून थेट अर्ज करणाऱ्या घरांसाठी. आर्थिक मदत मागितली म्हणून परदेशी विद्यार्थ्याच्या प्रवेशावर परिणाम होऊ न देणारी कॉलेजं मोजकीच आहेत. लहान कॉलेजांपैकी ॲमहर्स्ट, बोडिन आणि वॉशिंग्टन अँड ली त्यात येतात, आणि डिव्हिजन थ्रीतच खेळणारं एमआयटीसुद्धा. बाकी ठिकाणी मदतीची रक्कम जितकी मोठी, तितका प्रवेश अवघड, आणि तिथे कोचचा सपोर्ट खरा कामाला येतो. नववीपासूनच्या गुणपत्रिका लागतात, फक्त दहावी-बारावीच्या बोर्डाच्या नव्हे. त्या शाळेकडून आधीच मागून ठेवा. बारावीनंतर एक वर्षाहून जास्त थांबून लीगमध्ये खेळत राहिलात तर पात्रतेचं वर्ष जाऊ शकतं, आणि एनसीएएकडून हौशी खेळाडू असल्याचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. क्लबकडून मानधन घेतलं असेल तर कागद आधीच जमवा.

आता रटगर्सचा प्रश्न. तिथलं क्लब सॉकर विद्यार्थीच चालवतात, सप्टेंबरात ट्रायआउट असतात आणि शेकड्यानं मुलं येतात, त्यामुळे तेही गृहीत धरू नका. तुमच्या पत्रात एक पर्याय मात्र राहून गेलाय. न्यू जर्सीत सरकारी डिव्हिजन थ्री कॉलेजं आहेत, त्यातल्या टीसीएनजे (द कॉलेज ऑफ न्यू जर्सी) आणि रोवन इथे इंजिनियरिंगही आहे, आणि राज्यातल्या विद्यार्थ्याला फी खासगीच्या मानानं बरीच कमी. ३.७ चा मिडफिल्डर, मेरिट नाही, उत्पन्न मदतीच्या पट्टीच्या वर: अशा घरानं टीसीएनजेच्या कोचला आजच पत्र पाठवावं आणि स्टीव्हन्सला सोबत ठेवावं. ज्या चार-पाच कॉलेजांचे फोन येतायत, त्यांची रोस्टरं या शनिवार-रविवारी मुलाबरोबर बसून मोजा; निम्मी तिथेच गळतील.

जागा नक्की झाल्यावर उन्हाळ्यात दोन कामं. ऑगस्टच्या आधीच्या सहा महिन्यांतली वैद्यकीय तपासणी लागते आणि सिकलसेलचा रिपोर्टही. अमेरिकेत जन्मलेल्या मुलाचा तो जन्मावेळच्या तपासणीत मिळतो, भारतात जन्मलेल्याला वेगळी रक्ततपासणी करावी लागते. विदर्भात सिकलसेल जास्त आढळतो, म्हणून तिकडच्या घरांनी ती उरकून टाकावी. आणि वडिलांच्या ऑफिसचा विमा दुसऱ्या राज्यात कसा चालतो ते विमा कंपनीला विचारा: कॉलेजचा विमा बहुधा दुय्यम असतो, आधी घरचा वापरावा लागतो. न्यू जर्सीपुरतं नेटवर्क असलेल्या विम्यावर ओहायोत गुडघ्याचं एमआरआय निघालं, तर बिल घरी येतं.